पहिले दर्शन आणि उकाडा : मुंबईविषयक मराठी लेखनातील एक दुर्लक्षित सूत्र

प्रवासवर्णनाच्या अभ्यासात नगराचे ‘पहिले दर्शन’ हा घटक बहुधा गृहीत धरला जातो. प्रवासी नव्या नगरात उतरतो, त्याची इंद्रिये जागी होतात आणि त्या पहिल्या काही तासांतील ठसा पुढील वर्णनाला वळण देतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. आशियातील उष्ण, गजबजलेल्या आणि यंत्रयुगाने घडविलेल्या नगरांच्या बाबतीत हा पहिला ठसा पुष्कळदा हवेचाच असतो. बंदरावर वा विमानतळावर पाऊल टाकताच अंगाला बिलगणारी ओलसर ऊब हा अशा वर्णनांचा ठरीव प्रारंभ होऊन बसला आहे. मराठी साहित्याला या प्रकारच्या नगराचा परिचय होण्यासाठी सिंगापूर वा बँकॉकपर्यंत जावे लागले नाही. ते नगर दारातच होते. मुंबईच्या पहिल्या दर्शनात उकाडा कोणाला जाणवला, कोणाला जाणवला नाही, आणि जाणवला तेव्हा तो कोणत्या रूपाने शब्दांत उतरला, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. नगराकडे जाणाऱ्यांबरोबरच, नगर ज्यांच्याकडे चालत आले अशा साष्टीतील तारोडीसारख्या गावांचाही विचार या संदर्भात करणे आवश्यक आहे.

प्रथम भाषेची साक्ष घेणे योग्य ठरेल. मराठीत ‘ऊन’ आणि ‘उकाडा’ हे दोन वेगळे अनुभव आहेत. ऊन वरून येते, ते सोसता येते. झाडाची सावली वा डोक्यावरचे मुंडासे त्यावर पुरेसे ठरते. उकाड्याला दिशा नसते, तो सावलीतही असतो. देशावरचा माणूस उन्हाचा जाणकार, तर कोकणातला उकाड्याचा. त्यामुळे घाट उतरून मुंबईत आलेल्याला जी हवा परकी वाटते, तीच किनारपट्टीवरून आलेल्याला घरचीच वाटते. एकाच नगराची पहिली दर्शने वेगवेगळी का होतात, याचे एक साधे उत्तर येणाऱ्याच्या वाटेत सापडते.

गोविंद नारायण माडगावकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ (१८६३) या दृष्टीने तपासण्याजोगे आहे. माडगावकरांचा जन्म १८१५ मध्ये गोव्यात झाला. आडनाव मडगावचे, म्हणजे गोव्यातील साष्टीचे. मुंबईच्या उत्तरेकडील साष्टीशी असलेले नामसाम्य सहज लक्षात यावे असे आहे. बालवयातच ते मुंबईत आले. त्या काळी गोवा आणि मुंबई यांमधील ये-जा मुख्यतः समुद्रमार्गे होत असे. ग्रंथ लिहिला गेला तेव्हा माडगावकरांचे मुंबईतील वास्तव्य काही दशकांचे झाले होते. तेव्हा ज्याला ‘पहिले दर्शन’ म्हणतात तसे त्यात काही असण्याचा संभव नव्हता. तरीही या ग्रंथाची दृष्टी नवागताची आहे. वस्त्या, बाजार, देवळे, जहाजे, रेल्वे, न्यायालये, शाळा यांची नोंद घेताना लेखक वाचकाला हात धरून गल्लोगल्ली फिरवितो. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली आगगाडी धावली होती, १८६० मध्ये विहार तलावाचे पाणी नळाने नगरात आले होते, आणि ग्रंथ प्रसिद्ध झाला त्याच वर्षी बोरघाटातून लोहमार्ग खुला होऊन देश आणि मुंबई जोडली गेली. देशावरचा जो वाचक आता गाडीत बसून येणार होता, त्याच्यासाठी पहिले दर्शन आधीच रचून ठेवणारा हा ग्रंथ आहे, असे म्हणता येईल. किनाऱ्यावर जन्मलेल्या लेखकाला हवेपेक्षा नगराचा व्याप थोर वाटावा, हे स्वाभाविकच होते. त्याचे कुतूहल मोजणाऱ्याचे आहे, अंगाने अनुभवणाऱ्याचे नाही.

घाट उतरून आलेल्यांची साक्ष मात्र ग्रंथात मिळत नाही, ती फडावर मिळते. पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) आणि अण्णा भाऊ साठे (१९२०–१९६९) या दोघांनीही मुंबईवर लावणी रचली. दोघेही आजच्या सांगली जिल्ह्यातील वाळवे तालुक्याचे. बापूराव रेठरे हरणाक्षचे, अण्णा भाऊ वाटेगावचे. इतक्या जवळच्या दोन गावांतून निघालेल्या दोन शाहिरांना एकच नगर इतके निराळे दिसावे, हे आपल्या वाङ्मयेतिहासातील एक लक्षणीय उदाहरण आहे.

बापूराव मुंबईला रावणाच्या लंकेची उपमा देतात. उपमा कौतुकाची आहे, पण ती अयोध्येची नाही, हे विसरता येत नाही. सोन्याच्या झगमगाटामागे परक्या धन्याची जाणीव तिच्यात आहे. असे असले तरी बापूरावांची मुंबई ही थिएटराच्या दिव्यांत पाहिलेली मुंबई होय. कुळकर्ण्याच्या घरात जन्मून, जात आणि वतन मागे सारून, पवळेसह बोर्डावर उभा राहिलेला हा कलावंत नगराकडे पाहतो तो प्रेक्षकांच्या गर्दीकडे पाहावे तसा. नगर त्याला दाद देते आणि तो नगराला.

अण्णा भाऊंची वाट दुसरी होती. १९३० नंतरच्या दशकाच्या आरंभी हे कुटुंब वाटेगावहून पायी मुंबईस आले. पायी आलेल्याला नगराचे दर्शन एकदम होत नाही. गाडीचा डबा उघडून जो पडदा वर जातो, तो त्याच्या वाट्याला येत नाही. रस्त्यावरची मजुरी, मुक्काम, पुन्हा मजुरी असे करत नगर हळूहळू सुरू होते. अण्णा भाऊंची ‘मुंबईची लावणी’ बापूरावांच्या लावणीला दिलेले उत्तर मानली जाते. तिच्यात नगर उंचीने विभागले आहे. वर मलबार हिल, ती इंद्रपुरी. खाली परळ, तेथे राबणारे लोक. आणि येथे घाम येतो. मुंबईची उष्णता लावणीत प्रवेश करते ती हवामान म्हणून नव्हे, श्रम म्हणून. समुद्राची झुळूक मलबार टेकडीवर पोहोचते आणि गिरणीच्या साचेखात्यात पोहोचत नाही, एवढे जाणण्यासाठी भूगोल शिकावा लागत नाही.

अध्यापनाच्या दृष्टीने येथे एक अडचण उभी राहते. ‘प्रवासवर्णन’ या सदराखाली अभ्यासक्रमात जी पुस्तके येतात, त्यांच्या लेखकांजवळ परतीचे तिकीट असते. पु. ल. देशपांडे यांचे ‘पूर्वरंग’ त्या सदरात बसते, आणि योग्यच बसते. पण पायी आलेला शाहीर ‘लोकवाङ्मय’ या सदरात जातो, दया पवारांच्या ‘बलुतं’मधील (१९७८) कावाखान्याची मुंबई ‘दलित आत्मकथन’ या सदरात जाते. परिणामी नगराच्या पहिल्या दर्शनाची मराठीतील सर्वांत तीव्र साक्ष प्रवासवाङ्मयाच्या अभ्यासकासमोर येतच नाही. वर्गीकरण सोयीसाठी असते हे मान्य करूनही, ज्याला परत जायचे नव्हते त्याचा प्रवास हा प्रवास का मानू नये, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळत नाही.

यापुढचा पेच अधिक अवघड आहे. तारोडी हे साष्टीच्या वायव्य टोकाशी, उत्तन आणि डोंगरीच्या परिसरातील गाव. नोव्हेंबर १८६४ मध्ये वसईची खाडी ओलांडून गुजरातेकडील गाडी ग्रँट रोडला येऊ लागली, तेव्हा त्या गाडीतील प्रवाशांना मुंबईच्या आधी दिसत ती भाईंदरच्या आसपासची ही खारी जमीन. मीरा-भाईंदर नगरपरिषद १९८५ मध्ये आणि महानगरपालिका २००२ मध्ये झाली. १९९१ मध्ये सुमारे पावणेदोन लाख असलेली या शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत आठ लाखांच्या पुढे गेली होती. अलीकडे मेट्रोच्या कारशेडसाठी डोंगरीची निवड होऊन तेथील वृक्षतोडीवरून वाद उभा राहिला. या पट्ट्यातील आगरी, कोळी आणि ख्रिस्ती कुटुंबांनी नगरात प्रवेश केला नाही. नगरानेच त्यांच्यात प्रवेश केला.

शिवाय उष्णतेशी या लोकांचे नाते तिसऱ्याच प्रकारचे आहे. भाईंदरच्या मिठागरांत ऊन हे भांडवल होते. ते जितके कडक, तितके मीठ लवकर धरे. उत्तनच्या किनाऱ्यावर बांबूंच्या आडव्यांवर बोंबील वाळतात ते उन्हावरच. बाहेरून आलेल्याला जो त्रास, तो येथे धंद्याचा आधार. नव्या इमारतींच्या वातानुकूलित खोल्यांतून मात्र तेच ऊन पुन्हा त्रासच ठरते, आणि मिठागराची जागा ‘मोकळी जमीन’ म्हणून ओळखली जाऊ लागते.

खाडीपलीकडच्या वसईला फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारखा लेखक लाभला, ज्याने हरित वसईच्या लढ्यात पुढाकार घेतला आणि मराठी गद्यातही आपले स्थान निर्माण केले. खाडीच्या अलीकडील आगरी, कोळी वा ईस्ट इंडियन बोलींतील गाणी आणि सांगीवांगी यांकडे याच प्रश्नाच्या अनुरोधाने पाहता येईल. लग्नातल्या एखाद्या गाण्यात टॉवर कधी आला, बिल्डर हा शब्द कोणत्या नात्याच्या शब्दाशेजारी बसला, शेताचे नाव जाऊन तेथे गृहसंकुलाचे नाव केव्हा रूढ झाले, अशा नोंदी पदव्युत्तर विद्यार्थ्याला एका उन्हाळ्याच्या सुट्टीत करता येण्याजोग्या आहेत. ज्यांना शेतांची जुनी नावे तोंडपाठ आहेत ती माणसे आता वृद्ध झाली आहेत.