हत्यारांचा कमरपट्टा : निवड, शिवण आणि वापर

सोलापूर जिल्ह्यात सांगोला, मंगळवेढा, पंढरपूर, मोहोळ या तालुक्यांत डाळिंबाच्या बागा आहेत, तर उत्तर सोलापूर, बार्शी व पंढरपूर भागात द्राक्षांचे मांडव आहेत. त्याशिवाय गोठ्याचे छप्पर, गव्हाण, शेळ्यांचे मचाण, कांदाचाळीच्या पट्ट्या अशी सुतारकामे बहुतेक घरचे लोकच उरकतात. या कामांत एक हात कामावर आणि दुसरा हात हत्यार शोधण्यात गुंतलेला असतो. कात्री विजारीच्या खिशात, पटाशी कमरेला खोचलेली आणि खिळे तोंडात धरलेले, असे दृश्य सर्रास दिसते. ही सवय धोक्याची आहे. खिळा गिळला जाऊ शकतो आणि शिडीवरून घसरताना कमरेची पटाशी पोटात जाऊ शकते.

यावर सोपा उपाय म्हणजे हत्यारांचा कमरपट्टा. मात्र तो अंगाला सोसणारा असावा. टोचणारा किंवा काचणारा पट्टा दोन दिवसांत खुंटीला लागतो आणि पैसे वाया जातात.

कमरपट्टा कोणत्या कामाला हवा?

आपल्याकडील पारंपरिक सुतार जमिनीवर बसून, लाकूड पायाने दाबून काम करतो. वाकस, रंधा, करवत, गिरमिट ही हत्यारे त्याच्या शेजारीच पडलेली असतात. अशा बैठ्या कामाला पट्ट्याची गरज नाही, लाकडी पेटी किंवा गोणपाट पुरेसे होते. उभ्याने, चालत किंवा शिडीवर चढून करावयाच्या कामाला मात्र पट्टा हवाच. छपराचे पत्रे बसविणे, कांदाचाळीच्या पट्ट्या ठोकणे, मांडवाच्या तारा ओढणे, डाळिंब व द्राक्षाची छाटणी ही अशी कामे होत.

समजा, छपरावर काम करताना एका दिवसात २० वेळा हत्यारासाठी खाली उतरावे लागले आणि प्रत्येक वेळी ३ मिनिटे गेली, तर पूर्ण १ तास वाया जातो. शिवाय प्रत्येक चढ-उतारात पाय घसरण्याचा धोका असतो तो वेगळाच.

वजनाचा हिशोब

पट्टा घेण्यापूर्वी त्यात काय ठेवणार ते ठरवून सर्व हत्यारे घरच्या काट्यावर तोलावीत. उदाहरणादाखल सुतारकामाचा हिशोब असा होतो : दांड्यासह हातोडी ७०० ग्रॅम, पक्कड २५० ग्रॅम, मोजपट्टी २०० ग्रॅम, पटाशी २०० ग्रॅम, खिळे ५०० ग्रॅम आणि रिकामा पट्टा ८०० ग्रॅम. एकूण वजन २ किलो ६५० ग्रॅम भरते. ते दिवसभर कमरेवर वागवायचे असते. म्हणून खिळे अर्धेच भरावेत आणि तासाभरात एकदाही न लागणारे हत्यार पट्ट्यात ठेवू नये. रंधा व मोठी करवत पेटीतच बरी.

छाटणीचा पट्टा याहून हलका असतो. छाटणी कात्री, घडीची लहान करवत आणि सुतळीचा गुंडा एवढ्यात काम भागते.

पट्टा कसा पारखावा?

१) रुंदी : अरुंद पट्टा मांसात रुततो. तेच वजन ४ सें.मी. ऐवजी ८ सें.मी. रुंदीवर पसरले तर अंगावरचा दाब निम्मा होतो. यासाठी पाठीमागील व बाजूचा भाग ८ ते १० सें.मी. रुंद असावा. पुढे बक्कल लावण्यापुरता पट्टा ४ ते ५ सें.मी. चालतो.

२) बसण्याची जागा : पट्टा पोटावर न बांधता दोन्ही बाजूंच्या कमरेच्या हाडांवर टेकला पाहिजे. हाडाचा आधार मिळाला की पोट आवळावे लागत नाही. फार घट्ट पट्ट्याने मांडीच्या बाहेरील बाजूकडे जाणारी शीर दबते. त्यामुळे तेथे मुंग्या येतात, जळजळ होते किंवा कातडी बधिर होते. असे झाल्यास पट्टा लगेच सैल करावा. पट्टा न वापरताही त्रास राहिला तर डॉक्टरांना दाखवावे.

३) खांदपट्टे : वजन अडीच किलोंच्या पुढे जात असेल किंवा कमर बारीक असल्याने पट्टा खाली घसरत असेल, तर दोन रुंद खांदपट्टे जोडावेत. त्यामुळे कमरेवरील काही भार खांद्यांवर जातो. हात वर करून करावयाच्या मांडवाच्या कामात मात्र खांदे आधीच दमतात. अशा वेळी खांदपट्ट्यांपेक्षा वजन कमी करणे हिताचे.

४) कापड की चामडे : चामडे टिकते आणि धारेने सहसा फाटत नाही, परंतु ते जड असते, घामाने ओले होते आणि उन्हात वाळविल्यास कडक होऊन तडकते. जाड कॅनव्हास हलके व धुता येण्यासारखे असते, पण पटाशीच्या टोकाने त्याला भोक पडते. नायलॉनची पट्टी मजबूत असली तरी उन्हाळ्यात अंगाला काचते. आपल्या भागात मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. त्यामुळे कॅनव्हासचा पट्टा, धारदार हत्यारांपुरते चामड्याचे कप्पे आणि अंगाच्या बाजूने जुन्या सोलापुरी टॉवेलचे अस्तर ही जोडणी सोयीची ठरते. अस्तर घाम शोषते आणि काढून धुता येते.

कप्प्यांची मांडणी

उजव्या हाताने काम करणाऱ्याने हातोडी किंवा कात्री उजव्या बाजूस ठेवावी. खिळे डाव्या बाजूस ठेवावेत, कारण खिळा डाव्या हातात धरला जातो. डावखुऱ्यांनी याच्या उलट मांडणी करावी. दोन्ही बाजूंचे वजन शक्यतो सारखे असावे, नाहीतर एकाच बाजूस झुकून चालण्याची सवय लागते. पाठीच्या मणक्यावर येईल असे कोणतेही कठीण हत्यार मागच्या मधल्या भागात ठेवू नये, कारण पाठीवर पडल्यास तेच हत्यार मणक्याला इजा करते. पुढचा मधला भाग मोकळा असावा, म्हणजे वाकता येते आणि शिडीला कप्पे अडकत नाहीत.

शिवून घ्यावयाचा असल्यास

सोलापुरात गणवेश व कापडी वस्तू शिवणारे कारागीर भरपूर आहेत. गावात ताडपत्री, पिशव्या किंवा बैलांचा साज शिवणाराही हे काम करू शकतो. कामाच्या कपड्यांवरून कमरेच्या हाडांपाशी माप घ्यावे आणि त्यात २५ सें.मी. वाढवावेत. २.५ सें.मी. अंतरावर किमान ५ छिद्रे पाडावीत, म्हणजे जेवणानंतर किंवा थंडीत जाड कपड्यांवरही पट्टा बसतो. कप्प्यांची शिवण नायलॉनच्या दोऱ्याने दुहेरी घालावी आणि वरच्या कोपऱ्यांवर तांब्याचे रिव्हेट मारावेत. कप्पा नेहमी वरच्या कोपऱ्यातूनच उसवतो. बक्कल एका हाताने चटकन सुटेल असे निवडावे.

महिलांसाठी

द्राक्षाची विरळणी, बांधणी, डाळिंबाची फळतोडणी ही कामे बहुतांशी महिला करतात. लुगडे किंवा साडीवर बक्कलाचा पट्टा सरकतो आणि निऱ्या ओढल्या जातात. त्यांच्यासाठी खांद्यावरून अडकविण्याचा, पुढे दोन कप्पे असलेला कापडी एप्रन चांगला. त्याची पाठीमागची नाडी सुटी गाठ मारून बांधावी. माप पुरुषांच्या पट्ट्यावरून न काढता ते वापरणाऱ्या महिलेचेच घ्यावे.

डाळिंब बागायतदारांसाठी विशेष सूचना

तेलकट डाग रोग, म्हणजेच तेल्या, हा झँथोमोनास या जिवाणूमुळे होतो. पावसाचे उडणारे थेंब व रोगट रोपे याप्रमाणेच छाटणीच्या कात्रीतूनही तो एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जातो. म्हणून प्रत्येक झाडानंतर कात्री २.५ टक्के सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवावी. बाजारातील द्रावण ५ टक्क्यांचे असल्यास त्यात तेवढेच पाणी मिसळावे, १० टक्क्यांचे असल्यास तिप्पट पाणी घालावे. द्रावण रोज ताजे करावे, सावलीत ठेवावे, हातमोजे वापरावेत आणि त्यात कोणतेही आम्ल मिसळू नये, कारण त्यातून विषारी वायू निघतो.

येथे पट्ट्याचा संबंध नीट लक्षात घ्यावा. रोगट झाडावरची कात्री न बुडविता चामड्याच्या कप्प्यात ठेवली तर कप्पाही दूषित होतो. मग निर्जंतुक केलेली कात्री त्याच कप्प्यात गेली की पहिली मेहनत फुकट जाते. चामडे नीट निर्जंतुक करता येत नाही. यासाठी कात्री सैलपणे मावेल एवढ्या पी.व्ही.सी. पाइपचा १५ सें.मी. लांबीचा तुकडा घ्यावा, कडा घासून गुळगुळीत कराव्यात आणि तो कप्प्यात बसवावा. झाड बदलताना हा तुकडाही काढून द्रावणात बुडविता येतो. बागायतदारांकडे असे तुकडे पडूनच असतात.

एका माणसाला दोन कात्र्या दिल्यास काम खोळंबत नाही. एक चालू असताना दुसरी द्रावणाच्या डब्यात राहते. द्रावणाची बाटली मात्र पट्ट्याला अडकवू नये, कारण ते सांडल्यास कातडी भाजते. काम संपल्यावर कात्री स्वच्छ पाण्याने धुऊन, पुसून तेल लावावे, नाहीतर ती गंजते.

वापरताना घ्यावयाची काळजी

• फवारणी करताना पट्टा घालू नये. कापड व चामडे औषध शोषून घेतात आणि ते दिवसभर अंगाला लागत राहते. बोर्डो मिश्रणाने लोखंडी बक्कलही गंजते.

• कडबाकुट्टी, मळणी यंत्र किंवा ट्रॅक्टरच्या फिरत्या शाफ्टजवळ जाण्यापूर्वी पट्टा काढून ठेवावा. लोंबती नाडी वा पट्टी गुंडाळली गेल्यास माणूस आत ओढला जातो.

• पटाशीचे टोक खाली व बंद कप्प्यात असावे. कात्री नेहमी खटका लावून ठेवावी.

• ओला पट्टा सावलीत वाळवावा. चामड्याला महिन्यातून एकदा हलके तेल चोळावे.

• दर आठवड्याला शिवण व रिव्हेट तपासावेत.

घेण्यापूर्वीची चाचणी

दुकानात रिकामा पट्टा सर्वांनाच हलका वाटतो. म्हणून आपली हत्यारे सोबत न्यावीत, ती पट्ट्यात भरून १५ मिनिटे पट्टा घालावा आणि पुढील गोष्टी करून पाहाव्यात : उकिडवे बसणे, जमिनीवरची वस्तू उचलणे, दोन्ही हात वर करणे, शिडीच्या चार-पाच पायऱ्या चढणे आणि न पाहता हत्यार काढून परत ठेवणे. काढल्यावर कमरेवर लाल वळ किंवा बधिरपणा आढळल्यास तो पट्टा घेऊ नये.

सारांश, पट्टा रुंद असावा, कमरेच्या हाडांवर बसावा, वजन बेताचे आणि दोन्ही बाजूंस सारखे असावे. बहार धरण्यापूर्वीच्या छाटणीला मजूर लावताना प्रत्येकाच्या पट्ट्यात धुता येणारा कप्पा आहे की नाही हे बागायतदाराने स्वतः पाहावे. वर्षभराच्या खर्चाची बाग एका न बुडविलेल्या कात्रीने धोक्यात येऊ शकते.