रायगडावरची पेठ : एक अभ्यास

(द्वितीय वर्ष कला, इतिहास)

रायगड म्हटले की राज्याभिषेकाचे स्थान, जगदीश्वराचे मंदिर आणि महाराजांची समाधी आपल्या डोळ्यांसमोर उभी राहते. प्रस्तुत लेखाचा विषय त्याहून साधा आहे. होळीच्या माळापासून पुढे जी दगडी पेठ लागते, ती कोणाच्या बळावर चालत असेल, एवढाच प्रश्न मी येथे मांडणार आहे. हा प्रश्न मला माझ्या एका चुकीमुळे सुचला, म्हणून आधी ती चूकच सांगते.

गेल्या डिसेंबरात आमच्या इतिहास विभागाची सहल रायगडास गेली होती. १९९६ पासून गडावर रोपवे आहे. परंतु सरांचा आग्रह पायीच चढण्याचा. पाचाडला जिजाऊसाहेबांच्या समाधीचे दर्शन घेऊन आम्ही सुमारे दीड हजार पायऱ्या चढलो. वर पोचल्यावर पेठ पाहिली. सुमारे चाळीस फूट रुंद रस्ता आणि त्याच्या दोन्ही अंगांना बावीस-बावीस, म्हणजे एकूण चव्वेचाळीस गाळ्यांची जोती. आज वर छप्पर नाही, भिंतीही बहुतेक पडलेल्या. पुढे ओटा, मग दुकान व मागे खोली अशी रचना मात्र ओळखू येते. जोती चांगलीच उंच आहेत. घोडेस्वाराला खाली न उतरता खरेदी करता यावी म्हणून ती तशी बांधली, असे तेथे सर्वांनाच सांगतात. आम्हालाही सांगितले. परत आल्यावर ट्यूटोरियलमध्ये मी ते जसेच्या तसे लिहिले. सरांनी समासात तांबड्या शाईने एकच शब्द लिहून वही परत केली : "पुरावा?"

मग ग्रंथालयात बसले. रायगडाचे जुने नाव रायरी. १६५६ मध्ये शिवरायांनी तो जावळीच्या मोऱ्यांकडून घेतला. पुढे राजधानीसाठी त्याचीच निवड झाली आणि ६ जून १६७४ रोजी तेथे राज्याभिषेक झाला. हिरोजी इंदुलकरांनी गडावर उभारलेल्या बांधकामांची नोंद जगदीश्वराच्या मंदिरातील शिलालेखात आहे. पेठेविषयी मात्र विद्वानांत एकमत नाही. कोणी तिला बाजारपेठ म्हणतात, तर कोणी म्हणतात की या दुकानांच्या रांगा नसून अधिकाऱ्यांच्या व सरदारांच्या राहण्याच्या जागा असाव्यात. घोड्याच्या गोष्टीला आधार मला कोठेच सापडला नाही.

आम्ही शिरवण्यात भाड्याच्या खोलीत राहतो. आमचे मूळ गाव जावळी तालुक्यातले. माझे वडील, ज्यांना आम्ही आप्पा म्हणतो, वाशीच्या दाणाबाजारात माथाडी आहेत. मुंबईचे घाऊक बाजार १९८१ पासून टप्प्याटप्प्याने वाशीला आले, त्यांतलाच हा एक. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मीच पहिली. त्यामुळे माझ्या अभ्यासात आप्पा सहसा बोलत नाहीत. त्या रात्री त्यांनी विचारले, "काय अडलंय गं?" मी घोड्याचे सांगितले. ते हसले व म्हणाले, "घोडं ऱ्हाऊ दे पोरी. एवढ्या वर माल कोण न्यायचं, ते लिवलंस का?"

मी ते लिहिले नव्हते. खरे सांगायचे तर तो प्रश्न माझ्या मनातही आला नव्हता.

मे महिन्यात आप्पांना सुट्टी मिळाली तेव्हा आम्ही दोघे एस.टी.ने महाडमार्गे पुन्हा रायगडावर गेलो. पेठेत आल्यावर ते एका ओट्याकडे पाठ करून उभे राहिले, गुडघे किंचित वाकवले आणि पाठीवरची गोणी मागे टेकवतात तशी हालचाल करून दाखवली. "बघ. हितं वझं टेकवायला वाकाय लागत नाय. आमच्याकडंबी ओटा ट्रकच्या फाळक्याएवढा असतो, तो ह्याच्यासाठीच." पन्नास किलोची गोणी जमिनीवर ठेवणे आणि कमरेच्या वर ठेवणे, यांत किती फरक असतो हे त्यांची पाठ जाणते. आणखी एक कारण मला सुचते. कोकणातला पाऊस पाहता धान्य जमिनीलगत ठेवणे शक्यच नव्हते. ही दोन्ही कारणे म्हणजे सिद्ध झालेला इतिहास नव्हे, हे मी मान्य करते. अधिकाऱ्यांच्या घरांनाही उंच जोते लागतेच. परंतु घोड्याच्या गोष्टीहून हा तर्क तपासून पाहण्याजोगा आहे, असे मला वाटते.

पेठ कोठेही असो, गडावर माल चढत होता यात शंका नाही. हिरकणीची कथा आपण आईच्या मायेची कथा म्हणून ऐकतो. ती दंतकथाच आहे. पण त्या कथेतली हिरकणी गडावर आली कशासाठी? दूध विकण्यासाठी. दरवाजे सायंकाळी बंद होत आणि खालून आलेल्या विक्रेत्यांना त्याआधी उतरावे लागे, ही व्यवस्था कथेने आपल्यासाठी जपून ठेवली आहे. दुसरी हकीकत फ्रायर या इंग्रज डॉक्टरच्या १६९८ साली छापलेल्या प्रवासवर्णनात आहे. १६७४ मध्ये इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन तहासाठी रायगडास आला व राज्याभिषेकाच्या वेळी तेथेच होता. त्याच्या मंडळींना मांस पुरवणारा एक वृद्ध खाटीक मुद्दाम गड चढून त्यांना पाहायला आला. कारण इतक्या वर्षांत खपले नाही एवढे मांस त्यांनी थोड्या दिवसांत घेतले होते! ऑक्झिंडनचे नाव इतिहासात राहिले, खाटकाचे कोणी लिहून ठेवले नाही.

फ्रान्सच्या दक्षिणेस द्राक्षमळ्यांच्या गायाक प्रदेशाजवळ कॉर्द नावाचे डोंगरमाथ्यावरचे गाव आहे. तूलूझच्या सरदाराने ते १२२२ मध्ये वसवले. त्याच्या मध्यभागी छपराचा जुना बाजार आजही उभा आहे व गावात माणसे राहतात. कापड व कातड्याच्या धंद्यावर ते गाव वाढले. रायगडाची पेठ राजधानीच्या आश्रयाने जगली. १६८९ मध्ये गड मोगलांकडे गेला, १७३३ मध्ये मराठ्यांनी तो परत मिळवला. पण राजधानी तेथे पुन्हा आली नाही. मे १८१८ मधील इंग्रजांच्या तोफमाऱ्यात व आगीत उरलेसुरले वाडेही गेले. गिऱ्हाईक नसेल तर नुसत्या दगडांनी बाजार टिकत नाही.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यांत रायगड आहे. आता अधिक लोक येतील व घोड्याची गोष्ट अधिक जण ऐकतील. १९६९ च्या माथाडी कायद्याने ओझे वाहणाऱ्याचे नाव निदान नोंदवहीत आले. तीनशे वर्षांपूर्वीच्या त्याच्या भाईबंदांची अशी वही आपल्याला मिळायची नाही. म्हणून दगड, दंतकथा आणि परक्यांची प्रवासवर्णने यांतूनच त्यांना शोधावे लागेल.

मी ट्यूटोरियलमधले घोड्याचे वाक्य खोडले आहे. पुढच्या सहलीला टेप नेऊन चव्वेचाळीसही जोत्यांची उंची मोजण्याचा माझा विचार आहे. कोणी विद्यार्थिमित्र बरोबर येणार असतील तर त्यांनी जरूर कळवावे. आप्पा येतो म्हणाले आहेत.