वेडर्स आणि हीट ट्रान्सफर

ट्रकची जुनी ट्यूब घेऊन विहिरीत पोहायला शिकलेले बरेच जण आपल्या कॉलेजात आहेत. त्याच ट्यूबला मधोमध कापडी सीट लावा, पायात फिन्स म्हणजे बदकासारखे रबरी पंजे घाला आणि हातात गळ घ्या. झाली फ्लोट ट्यूब! अमेरिकेत पूर्वी ती खरोखरच ट्रकच्या ट्यूबपासून बनवत. आता इंग्रजी यू अक्षराच्या आकाराची जास्त दिसते. फिन्स मारत उलटं उलटं जायचं आणि ट्राउट मासे पकडायचे. पाय मात्र तीन-तीन तास पाण्यात. म्हणून वेडर्स घालतात. वेडर्स म्हणजे छातीपर्यंत येणारी, पावलांसकट बंद असलेली वॉटरप्रूफ विजार.

माझा मावसभाऊ कोलोरॅडोत असतो. तिथल्या स्पिनी माउंटन या जलाशयावर तो जातो. समुद्रसपाटीपासून सुमारे २,६०० मीटर उंच, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षाही बरंच वर. त्याने फोनवर विचारलं, "तू मेकॅनिकलला आहेस ना? मग सांग, कुठले वेडर्स घेऊ?" दुकानदार रंग आणि खिसे दाखवतो, हिशोब आपल्यालाच करावा लागतो.

पहिला मुद्दा, हवा बघून कपडे निवडायचे नाहीत, पाणी बघून निवडायचे. हिवाळ्यात हे तळं गोठलेलं असतं, तेव्हा फ्लोट ट्यूबचा प्रश्नच नाही. एप्रिलच्या आसपास बर्फ सुटतं. मे महिन्यात छान ऊन पडतं, हवा १५ अंश सेल्सिअस होते आणि माणूस फसतो, कारण पाणी अजून ५-६ अंशांवर असू शकतं. सप्टेंबरात हवा तीच १५ अंश, पण उन्हाळाभर तापलेलं पाणी हळूहळू निवत असतं, त्यामुळे ते मेपेक्षा बरंच उबदार. आपण ज्याला थर्मल लॅग म्हणतो तो हाच. हवा सारखी असली तरी वेडर्स वेगळे लागतात.

पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं. वेडर्स दोन जातींचे मिळतात. निओप्रीनचे, म्हणजे बारीक बंद बुडबुडे असलेल्या फोम रबराचे, ३ किंवा ५ मिलिमीटर जाड. आणि ब्रीदेबल, म्हणजे पातळ कापडाचे. गोर-टेक्सचं नाव आपण जॅकेटवर वाचतो, ते या दुसऱ्या जातीतलं. १९६९ साली बॉब गोर यांनी टेफ्लॉनचा पदार्थ झटक्यात ताणला आणि त्यात अतिसूक्ष्म छिद्रं तयार झाली. वाफ बाहेर जाते, पाण्याचा थेंब आत येत नाही.

आता आकडेमोड. निओप्रीन फोमची थर्मल कंडक्टिव्हिटी साधारण ०.०५ धरा. मग ३ मिमीचा रेझिस्टन्स होतो ०.०६ आणि ५ मिमीचा ०.१. पाणी ५ अंश, कातडी २५ अंश आणि बुडालेला भाग अर्धा चौरस मीटर धरला, तर ३ मिमीमधून १६७ वॉट जातात, ५ मिमीमधून १००. शांत बसलेल्या माणसाचं अख्खं शरीर साधारण १०० वॉटच तयार करतं! फिन्स मारून थोडी भर पडते खरी, पण मासा लागेपर्यंत बसूनच राहायचं असतं. नुसतं ब्रीदेबल कापड घातलं तर रेझिस्टन्स जवळपास शून्य. म्हणून त्याच्या आत फ्लीसची पँट घालतात.

इथे एक गंमत आहे, जी कॅटलॉगमध्ये लिहीत नाहीत. अर्धा मीटर खोलीवर पाणी दर चौरस मीटरला सुमारे ५०० किलो वजनाइतका दाब देतं. ब्रीदेबल कापड पायाला घट्ट चिकटतं, फ्लीस दबते आणि तिच्यातली हवा, म्हणजे खरं इन्सुलेशन, निघून जातं. दबून समजा २ मिमी उरली, तर एका थराचा रेझिस्टन्स ०.०५. म्हणजे दोन थर घातले की ५ मिमी निओप्रीनची बरोबरी होते. मग फरक काय राहिला? गळती! ब्रीदेबलला भोक पडलं की फ्लीस भिजते आणि हिशोब संपतो. निओप्रीनमधले बुडबुडे बंद असल्याने ते भिजूनही बरीच ऊब राखतं. सुती पँट तर आत कधीच नको, घामानेसुद्धा ओली होऊन बसते.

म्हणून माझं मत असं, बर्फ सुटल्यापासून मेअखेरपर्यंत ५ मिमी निओप्रीन. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी १५-१८ अंशांवर आलं की ब्रीदेबल आणि एक पातळ थर. तेव्हा निओप्रीन घालून गाडीपासून तळ्यापर्यंत चालणं म्हणजे प्रेशर कुकरात बसणं. शरद ऋतूत ब्रीदेबल चालेल, पण फ्लीसचे दोन थर. एकच जोड परवडत असेल तर ब्रीदेबल घ्यावा आणि मे महिना सोडून द्यावा. दोरीला बांधलेला साधा थर्मामीटर मात्र खिशात हवाच.

थंड पाण्यात पडलेल्यांसाठी कॅनडातले गॉर्डन गीसब्रेख्ट यांचा १-१०-१ असा नियम आहे. पहिलं १ मिनिट श्वास सावरायला, मग १० मिनिटं हातपाय कामाचे, आणि साधारण १ तासाने शुद्ध हरपू शकते. लाइफ जॅकेट आणि वेडर्सचा पट्टा त्या पहिल्या मिनिटासाठी असतो. वेडर्समध्ये पाणी भरलं की माणूस दगडासारखा बुडतो, हा समज मात्र खोटा. आतलं पाणी आणि बाहेरचं पाणी एकाच घनतेचं, आर्किमिडीजला विचारा! त्रास होतो तो काठावर चढताना, कारण तिथे ३० लिटर म्हणजे ३० किलो.

आणखी एक. ज्यांना बूट जोडलेलेच असतात असे वेडर्स फ्लोट ट्यूबला घेऊ नयेत, त्यांच्यावर बहुतेक फिन्स नीट बसत नाहीत. मोज्यासारखं पाऊल असलेले घ्यावेत. आणि दुकानात ते उभं राहून नव्हे, तर दोन जाड मोजे घालून, खुर्चीत बसून, गुडघे वाकवून बघावेत. पावलाशी आवळत असतील तर एक नंबर मोठा मागावा, कारण रक्तच खाली पोचलं नाही तर ५ मिमी काय आणि १० मिमी काय, बोटं गारठणारच.