अंतराळातले किरण : नर बिचकला, मादी नाही

प्रश्न : किरणोत्सर्गाचा मेंदूवरचा परिणाम नर-मादी उंदरांत वेगळा असतो म्हणे. खरं का?

उत्तर : हो, निदान २०१८ मध्ये छापून आलेल्या एका अमेरिकी प्रयोगात तरी तसं दिसलं. ब्रुकहेवन प्रयोगशाळेत उंदरांवर अंतराळातल्यासारख्या किरणांचा मारा केला गेला. स्मरणाची चाचणी साधी असते : दोन वस्तू ठेवायच्या, नंतर एक बदलायची. आठवण शाबूत असलेला उंदीर नवी वस्तूच जास्त हुंगतो. नरांची स्मृती ढासळली, ते बिचकू लागले, दुसऱ्या उंदरात मिसळेनासे झाले. त्यांच्या मेंदूतल्या मायक्रोग्लिया, म्हणजे साफसफाई करणाऱ्या पेशी, खवळल्या होत्या. माद्या मात्र ठणठणीत! पूर्वी असे प्रयोग बहुतेक नरांवरच होत, ही खरी गोची.

पण यावरून बायकांना धोका नाही असं समजू नका. किरणोत्सर्गाने कर्करोग होण्याची शक्यता स्त्रियांतच जास्त मानली जाते.