ऐकतो तो बोलतो

कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते. पिल्लू 'काव काव' ऐकतच वाढते, पण नर मोठा झाला की आमच्या लिंबावर 'कुहू'च करतो. तो आवाज उपजत असतो. पोपटाचं तसं नाही. त्याच्या मेंदूत ऐकून शिकायची खास जागा असते. माणूसही ऐकूनच शिकतो. म्हणून मी घरी मराठी बोलतो, तांड्यावरचा माझा मित्र गोरमाटी.

२००१ साली शास्त्रज्ञांना फॉक्स-पी-२ हे जनुक सापडले. ते बिघडले तर शब्द उच्चारणे जड जाते. पण जनुक चांगले असले, तरी कानावर बोल पडावेच लागतात.

पालकांनो, टाळी वाजवूनही बाळ वळून बघत नसेल, तर "बोलेल उशिरा" म्हणून थांबू नका. दवाखान्यात त्याचे कान लवकर तपासून घ्या.