विधी विद्यापीठांची नावे आणि तटस्थ वर्णन

ऑनलाइन ज्ञानकोश हे आज माहितीचे प्राथमिक साधन बनले आहे. इंग्रजी विकिपीडिया २००१ मध्ये, तर मराठी विकिपीडिया २००३ मध्ये सुरू झाला. विधी शिक्षणासाठी संस्था निवडताना विद्यार्थी व पालक सर्वप्रथम अशाच नोंदीकडे वळतात. नोंदीतील एखाद्या चुकीच्या शब्दामुळे संस्थेचा दर्जा, तिच्या पदवीची वैधता व प्रवेशातील आरक्षण यांविषयी गैरसमज होऊ शकतो. म्हणूनच संस्थेचे नामकरण व वर्णन हा केवळ भाषेचा प्रश्न नसून त्याला घटनात्मक व कायदेशीर बाजूही आहे.

'राष्ट्रीय' म्हणजे केंद्रीय नव्हे

बंगळूर येथील नॅशनल लॉ स्कूल ऑफ इंडिया युनिव्हर्सिटी हे याचे उत्तम उदाहरण होय. नावात 'राष्ट्रीय' व 'भारत' हे दोन्ही शब्द असले, तरी ही संस्था कर्नाटक विधानमंडळाच्या १९८६ च्या कायद्याने स्थापन झाली. डॉ. एन. आर. माधव मेनन हे तिचे संस्थापक संचालक होत. १९८८ मध्ये तेथे अध्यापन सुरू झाले. भारताचे सरन्यायाधीश तिचे कुलपती असतात. त्यानंतर भोपाळ, हैदराबाद, कोलकाता, जोधपूर आदी ठिकाणी अशीच विद्यापीठे त्या त्या राज्याच्या कायद्याने उभी राहिली. महाराष्ट्रात २०१४ च्या एकाच कायद्यान्वये मुंबई, नागपूर व औरंगाबाद येथील राष्ट्रीय विधी विद्यापीठांची तरतूद झाली.

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत शिक्षण हा विषय ४२ व्या घटनादुरुस्तीने (१९७६) समवर्ती सूचीत आला. राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्था मात्र संसद कायद्याद्वारे घोषित करते व हा विषय संघ सूचीत आहे. त्यामुळे केवळ नावावरून एखाद्या विधी विद्यापीठास 'केंद्रीय विद्यापीठ' वा 'राष्ट्रीय महत्त्वाची संस्था' म्हणणे चुकीचे ठरते.

हा भेद व्यवहारातही महत्त्वाचा आहे. कर्नाटकने २०२० मध्ये कायद्यात दुरुस्ती करून बंगळूरच्या संस्थेत राज्यातील विद्यार्थ्यांसाठी २५ टक्के आरक्षण ठेवले. कर्नाटक उच्च न्यायालयाने त्याच वर्षी ही दुरुस्ती रद्दबातल ठरविली. राज्याच्या कायद्याने स्थापन झालेली, परंतु राष्ट्रीय स्वरूपाची संस्था नेमकी कोणाची, हाच या वादाचा गाभा होता. तटस्थ नोंदीत दुरुस्ती, तिला दिलेले आव्हान व न्यायालयाचा निर्णय या तिन्ही बाबी वर्षासह याव्यात. कोणाची बाजू योग्य याचा निवाडा लेखकाने देऊ नये.

'विद्यापीठ' हा संरक्षित शब्द

विद्यापीठ अनुदान आयोग अधिनियम, १९५६ च्या कलम २२ मध्ये पदवी देण्याचा अधिकार कोणास आहे, हे निश्चित केले आहे. कलम २३ नुसार कायद्याने स्थापन न झालेल्या संस्थेस नावात 'युनिव्हर्सिटी' हा शब्द वापरता येत नाही. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर आयोगाने अभिमत विद्यापीठांना हा शब्द वगळण्यास सांगितले. कायद्याच्या पदवीबाबत आणखी एक अट आहे. अॅडव्होकेट्स अॅक्ट, १९६१ नुसार वकील म्हणून नोंदणीसाठी ग्राह्य पदव्या देणाऱ्या विद्यापीठांना भारतीय विधिज्ञ परिषद मान्यता देते. म्हणून नोंदीत स्थापनेचा कायदा, आयोगाकडील दर्जा व विधिज्ञ परिषदेची मान्यता या बाबी स्वतंत्रपणे द्याव्यात.

याउलट, नावात 'स्कूल' किंवा 'अकादमी' असणे हे दुय्यम दर्जाचे लक्षण नाही. हैदराबादच्या 'नालसार' या संक्षेपात 'अकादमी' हा शब्द आहे, तरीही ते विद्यापीठच आहे.

नाव कोणते द्यावे?

शीर्षकात प्रचलित व सहज ओळखता येणारे नाव, पहिल्या वाक्यात संपूर्ण अधिकृत नाव आणि त्यापुढे संक्षेप, ही पद्धत सोयीची ठरते. शहराचे नाव बदलले म्हणून संस्थेचे नाव आपोआप बदलत नाही. कलकत्त्याचे अधिकृत नाव २००१ मध्ये कोलकाता झाले, तथापि उच्च न्यायालयाचे इंग्रजी नाव 'कलकत्ता हायकोर्ट' असेच राहिले. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर हे नामांतर २०२३ मध्ये झाले. तेथील विद्यापीठाविषयी लिहिताना स्थापनेच्या वेळचे नाव आणि नंतरचा अधिकृत बदल या दोन्हींचा उल्लेख आवश्यक ठरतो.

विशेषणे व पुरावा

विकिपीडियाच्या आशयविषयक धोरणांत तटस्थ दृष्टिकोन, पडताळणीक्षमता व मूळ संशोधनास मज्जाव ही तीन सूत्रे मूलभूत मानली जातात. 'देशातील सर्वोत्तम संस्था' हे मत आहे. 'केंद्राच्या राष्ट्रीय संस्थात्मक क्रमवारीत २०२३ साली विधी विभागात पहिला क्रमांक' ही पडताळता येणारी वस्तुस्थिती आहे. मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय १८५५ मध्ये स्थापन झाले व डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३५ मध्ये तेथे प्राचार्य झाले, ही विधाने नोंदीत निःसंकोच द्यावीत. 'आशियातील सर्वांत जुने' हे विधान मात्र ते कोणी केले हे सांगूनच द्यावे. संस्थेच्या माहितीपत्रकातील गौरवपर मजकूर किंवा नाराज विद्यार्थ्याचा रोष, दोन्ही ज्ञानकोशाची सामग्री नव्हेत. संस्थेशी हितसंबंध असलेल्याने तिची नोंद स्वतः लिहिणे टाळावे, असाही संकेत आहे.

स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांनी कोणत्याही संस्थेविषयी वाचताना चार प्रश्न विचारावेत : ती कोणत्या कायद्याने स्थापन झाली? तो कायदा संसदेचा की राज्याचा? पदवी देण्याचा अधिकार कोठून आला? आणि वर्णनातील प्रत्येक विशेषणास आधार कोणता? या प्रश्नांची उत्तरे मिळाली, की संस्थेचे नाव आणि तिचा खरा दर्जा यांतील अंतर स्पष्ट होते.