नैराश्य हा वार्धक्याचा अपरिहार्य भाग नव्हे
ज्येष्ठ नागरिक व त्यांच्या कुटुंबीयांसाठी

घरातील वडीलधारी व्यक्ती अबोल झाली, तिचे जेवण कमी झाले, की "आता वयच झाले" असे म्हणून आपण तो विषय तिथेच सोडतो. या एका वाक्याआड उपचारांनी बरा होऊ शकणारा आजार दडून राहतो.

भारतातील ४५ वर्षे व त्यावरील व्यक्तींच्या 'लासी' या राष्ट्रीय पाहणीच्या पहिल्या फेरीत (२०१७-१८) ६० वर्षे व त्यावरील सुमारे ८.३ टक्के व्यक्तींमध्ये तीव्र नैराश्य असण्याची शक्यता आढळली. मात्र नैराश्याचे निदान झाल्याचे सांगणारे केवळ ०.८ टक्के होते. म्हणजेच बहुसंख्यांचा आजार ओळखलाच गेला नव्हता.

कोणत्या परिस्थितीत धोका वाढतो?

• वियोग : जोडीदाराचे किंवा समवयस्क स्नेह्यांचे निधन. शोक स्वाभाविक आहे. परंतु अनेक महिन्यांनंतरही दिनक्रम पूर्ववत होत नसेल, तर तपासणी आवश्यक आहे.
• एकाकीपणा : मुले परगावी असणे. भरल्या घरातही दिवसभर कोणी दोन शब्द बोलत नसेल, तर व्यक्ती एकाकीच असते.
• आर्थिक परावलंबन : औषधाच्या प्रत्येक गोळीसाठी दुसऱ्यापुढे हात पसरावा लागणे. स्वतःचे उत्पन्न वा मालमत्ता नसलेल्या विधवा स्त्रियांना याची झळ अधिक बसते.
• घरातील स्थान गमावणे : निवृत्तीनंतर काम नसणे, निर्णयांत मत न विचारले जाणे.
• शारीरिक व्याधी : पक्षाघात, मधुमेह, हृदयविकार, सततच्या वेदना. ऐकू कमी येऊ लागले की माणूस संभाषणातून हळूहळू बाहेर पडतो.
• अवहेलना : टोमणे, उपेक्षा, मारहाण किंवा पैशांसाठी दबाव.

लक्षणे कशी ओळखावीत?

ज्येष्ठ व्यक्ती "मी दुःखी आहे" असे सहसा सांगत नाहीत. अंग दुखते, झोप लागत नाही, पोट बिघडले आहे, कशातच मन लागत नाही, अशा तक्रारी त्या करतात. विसराळूपणा, चिडचिड, पहाटे फार लवकर जाग येणे, वजन घटणे, आवडीचे भजन वा फेरफटका सोडून देणे, "मी सर्वांना भार झालो आहे" असे वारंवार म्हणणे, यांपैकी काही लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकल्यास वैद्यकीय सल्ला घ्यावा.

कुटुंबीयांनी काय करावे?

• दिवसातून किमान एक जेवण त्यांच्यासोबत घ्यावे. परगावी असल्यास ठरलेल्या वेळी दूरध्वनी करावा.
• त्यांच्या पैशांचे व्यवहार शक्यतो त्यांच्याच हाती राहू द्यावेत. घरातील निर्णयांत त्यांचे मत घ्यावे.
• झेपेल असे एखादे काम त्यांच्याकडे सोपवावे. सर्व कामे काढून घेणे म्हणजे विश्रांती देणे नव्हे.
• श्रवणयंत्र, चष्मा यांची गरज तपासून घ्यावी.
• "मन घट्ट करा" असा उपदेश करण्याऐवजी त्यांचे म्हणणे शांतपणे ऐकावे.

उपचार कोठे मिळतील?

प्रथम जवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. थायरॉइडचे विकार, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता व काही औषधे यांमुळेही अशी लक्षणे दिसू शकतात. म्हणून चालू असलेली सर्व औषधे सोबत न्यावीत. समुपदेशन व औषधे दोन्ही उपयुक्त ठरतात. औषधांचा गुण येण्यास काही आठवडे लागतात. ती स्वतःहून बंद करू नयेत.

• टेली-मानस, १४४१६ : मानसिक आरोग्यासाठी चोवीस तास विनामूल्य सल्ला.
• एल्डरलाइन, १४५६७ : ज्येष्ठ नागरिकांना माहिती, मार्गदर्शन व छळाच्या प्रसंगी साहाय्य.

तातडीची सूचना : "आता जगून काय करायचे" असे शब्द कानी पडल्यास ते हसण्यावारी नेऊ नयेत. त्या व्यक्तीस एकटे सोडू नये, कीटकनाशके व औषधांचा साठा तिच्या हाती लागणार नाही असा ठेवावा आणि तिला विनाविलंब रुग्णालयात न्यावे.

आज घरी गेल्यावर आपल्या ज्येष्ठांजवळ घटकाभर बसा आणि त्यांना झोप कशी लागते, दिवस कसा जातो, एवढे विचारा.